हबीबसाहेब आणि खरवडलेलं पान

हबीबसाहेब घाबरलेत हे हिशेबखात्यात सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि तेही त्यांच्या मोज्यांवरून.

चिकलठाण्याला आमचा कारखाना होता. पंपाचे सुटे भाग ओतायचे तिथं. हिशेबखात्यात आम्ही चारच माणसं. कॅशवर कुलकर्णी, खरेदीच्या बिलांवर पठाडे, हजेरी आणि पगारावर हबीबसाहेब, आणि टायपिंगला मी. मी मूळची पिशोरची, तोंडाची फटकळ आणि नोकरीवर हंगामी. हे तिन्ही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी कुठं बोलले आणि कुठं गप्प बसले ते समजेल.

त्या वर्षी नव्या मॅनेजरांनी कॉम्प्युटर आणला. आमच्या खोलीला लागून त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली केली, एसी बसवला, पडदे लावले आणि दारावर पाटी लावली, चपला बाहेर काढाव्यात. का, तर मशीनला धूळ चालत नाही. फौंड्रीच्या शेजारी येऊन बसायचं आणि धूळ नको म्हणायचं, असले नखरे मी तोवर फक्त नव्या नवरीचे ऐकले होते. पहिल्या दिवशी मॅनेजरांनी सगळ्यांना आत बोलावलं. कुलकर्णी गेले, पठाडे गेला, मी गेले. हबीबसाहेबांनी बूट काढले आणि ते दाराशीच थांबले. मला वाटलं मोजा फाटका असेल, म्हणून लाजतायत. मी वाकून बघितलं. मोजे चांगले पांढरेधोप होते, पण पायाची बोटं आतल्या आत घट्ट वळलेली होती.

"चला की साहेब," मी म्हणाले.

"तुम्ही बघा बाई. मी हितूनच बघतो."

बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. कारण हबीबसाहेब घाबरतात ही गोष्ट कुणाच्या डोक्यात येण्यासारखीच नव्हती.

नाव सय्यद हबीबुद्दीन. उंच, सडसडीत, दाढी बारीक कातरलेली. रोशन गेटजवळून रोज सायकलीवर चिकलठाण्याला यायचे. एवढं अंतर तुडवून आलेला माणूस, पण शर्टाला घामाचा डाग नाही. आल्यावर आधी एक पेलाभर पाणी, मग खिशातला रुमाल काढून रजिस्टरावर मनगटाखाली अंथरायचा आणि मगच पेनाचं टोपण उघडायचं. रुमाल कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "हाताचा घाम कागदाला लागला की शाई फुटते बाई. मग दुसरा माणूस वाचणार कसं?" त्यांच्या रजिस्टरात आठ आणि तीन यांच्यात कुणाचा घोटाळा झाला नाही कधी. फौंड्रीतली अंगठेबहाद्दर माणसंसुद्धा खिडकीतून त्यांचं पान बघून म्हणायची, "लई झ्याक लिव्हता साहेब."

घाई केलेली त्यांना खपायची नाही. मी कुठला तक्ता पटापट टाइप करायला लागले की तिकडून आवाज यायचा, "आरामसे बाई, आकडा कुठं पळून जात नाय." हे वाक्य दिवसातून तीनदा तरी ऐकावं लागायचं. मला राग यायचा. माझ्या टायपिंगच्या वेगावर माझी नोकरी होती, आणि हे म्हणायचे आरामसे.

आमच्या खात्यात महिनाअखेरीला 'वाचन' व्हायचं. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं आपल्या रजिस्टरात बघून लाल पेन्सिलीनं टिक करायची आणि "हां" म्हणायचं. स्वतःचा आकडा एकट्यानं तपासायचा नाही, ही तिथली रीत. दोन-चार पानं झाली की सगळ्यांना गुंगी यायची. नुसतं हां, हां, हां. हबीबसाहेब मात्र प्रत्येक आकड्याला थांबायचे, बोट ठेवायचे, बघायचे आणि मगच हां म्हणायचे. त्यांच्यापायी आमचं वाचन कधी वेळेत संपलं नाही. पठाडे वैतागून म्हणायचा, "साहेब, ऐकू आलं ना? मग करा की टिक." ते म्हणायचे, "कान टिक करत नाय बेटा. डोळा करतो."

याच पठाडेला त्यांनी एकदा असा झापला की पोरगं रडायच्या बेतात आलं. बिलाचा आकडा चुकला होता. पठाडेनं अर्ध्या ब्लेडनं शाई हलकेच खरवडली, वरून नखानं कागद घासला आणि नवा आकडा घातला. अगदी बेमालूम. हबीबसाहेबांनी पान उचललं, खिडकीच्या उजेडाला धरलं, आणि तेवढ्या जागी पलीकडचा उजेड दिसला. "चुकलं तर एक रेघ मारायची," ते म्हणाले. "खालचा आकडा वाचता आला पायजे. बाजूला सही करायची. चूक करणं गुन्हा नाय. खरवडणं गुन्हा आहे." पठाडेचं ब्लेड त्यांनी काढून घेतलं आणि आपल्या खणात टाकलं.

असा माणूस. आणि तो काचेच्या खोलीच्या दाराशी पायाची बोटं वळवून उभा.

कॉम्प्युटरमध्ये वर्षभराची माहिती भरायचं काम माझ्याकडं आलं, कारण टाइप करता येणारी मी एकटीच. पुण्याचा एक इंजिनिअर आठवडाभर येऊन मला शिकवून गेला. तीन महिने दोन्ही चालणार होतं, रजिस्टरंही आणि मशीनही. तिसऱ्या महिन्याअखेरीला मशीनचा छापील कागद आणि रजिस्टर यांचं वाचन होणार. इथवर ठीक होतं. पण मॅनेजरांनी वरून एक सूचना लावली. कुणाच्या रजिस्टरात किती फरक निघाले त्याची नावानिशी यादी फळ्यावर लागेल. आणि ज्याचे फरक जास्त, त्याच्याबद्दल 'वेगळा विचार' होईल.

वेगळा विचार! या दोन शब्दांनी हिशेबखात्याची झोप उडवली. चहाच्या टपरीवर रोज नवी बातमी यायची. शेजारच्या कारखान्यात म्हणे सहातले चार घरी बसवले. कुणी म्हणे, एका म्हाताऱ्या कॅशिअरला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. कुलकर्णी रोज म्हणायचे, "मशीन चुकत नाही हो. चुकतो तो माणूस." आणि म्हणताना कपभर चहा बशीत सांडायचे. हबीबसाहेब चहाला यायचे, पण बोलायचे नाहीत. एक दिवस सगळे पांगल्यावर मला म्हणाले, "बाई, वेगळा विचार म्हणजे काय असंल? काढतील का नुसतं बसवतील?"

"काढतील कसं? तुमची नोकरी पक्की आहे की."

"काढलं तर बरं," ते म्हणाले. "बसवलं तर काय करू?"

मला काही उमगलं नाही. काढण्यापेक्षा बसवलेलं वाईट, हे माझ्यासारख्या हंगामी बाईला कसं कळावं?

मग तो तिसरा महिना संपत आला आणि छापील कागदाचा गठ्ठा माझ्या ताब्यात आला. दुसऱ्या दिवशी वाचन. त्या दिवशी दुपारी कुलकर्णी माझ्या टेबलाशी आले, इकडं तिकडं बघत. "बाई, नुसतं बघतो. कुणाला बोलू नका, तुम्हाला आईची शपथ." त्यांनी आपली पानं बघितली, कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी टिपलं आणि गेले. अर्ध्या तासानं पठाडे. "ताई, नुसतं एकदा. कुणाला सांगायचं नाय हां." तोही टिपून गेला. दोघांनीही जाऊन काय केलं ते मला न बघता कळलं होतं. दोघांनाही वाटत होतं, चुकलेला मी एकटाच. मला तेव्हा हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? एवढे बाप्ये आणि परीक्षेतल्या पोरांसारखे कॉप्या करतायत.

सगळ्यांत शेवटी हबीबसाहेब आले. त्यांनी शपथ घातली नाही. उभ्याउभ्याच हजेरीची पानं बघत गेले, बोट ठेवून. एका ठिकाणी बोट थांबलं. मग पुढं गेलं, परत थांबलं. मग पहिल्या जागी आलं.

"बाई, कुलकर्णींचे किती फरक निघाले?"

"एकपण नाही म्हणत होते," मी म्हणाले.

"आन पठाडेचे?"

"त्याचाही नाही."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. साहेब, दोघंही आत्ताच इथून टिपून गेलेत, एवढंच. पण शपथ घातलेली, आणि माहिती मी भरलेली, आणि मी हंगामी. फटकळ तोंड नेमकं तेव्हाच मिटलं. हबीबसाहेब आपल्या जागेवर गेले. खण उघडल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी वाचन झालं. मॅनेजर स्वतः बसले होते. मी वाचत होते आणि तिघं हां म्हणत होते. हजेरीचं रजिस्टर आलं तेव्हा मला काहीतरी वेगळं जाणवलं, आणि काय ते दोन पानांनंतर कळलं. हबीबसाहेब थांबत नव्हते. मी आकडा उच्चारला की लगेच हां. वाचन प्रथमच वेळेत संपलं. एकाही रजिस्टरात एकही फरक नाही. मॅनेजरांनी पेढे मागवले. हबीबसाहेबांनी पेढा हातात घेतला आणि तसाच रुमालात बांधून ठेवला.

आठ दिवसांनी फौंड्रीच्या फळ्यावर यादी लागली, हंगामी कामगारांतून कायम होणाऱ्यांची. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम, हे तिथल्या पोराबाळालासुद्धा ठाऊक. यादी मशीननं काढली होती. तिच्यात कडुबाचं नाव नव्हतं.

आमच्याकडं कडुबा नावाची माणसं गावोगाव सापडतात. कारखान्यातही दोन होते. हा फौंड्रीतला, भट्टीपुढं उभा राहणारा, हंगामी. दुसरा पॉलिशकडं, जुना आणि कायम. फौंड्रीतला कडुबा आमच्या खिडकीशी आला. टोपी हातात.

"साहेब, माझे दिवस भरले व्हते. म्या मोजले व्हते घरी भिंतीवर रेघा मारून. मशीन म्हणतंय दोनशे एकतीस. तुमच्या रजिस्टरात बघा ना जरा."

हबीबसाहेबांनी रजिस्टर काढलं. पान उघडलं. मी माझ्या जागेवरून त्यांचा हात बघत होते. मनगटाखाली रुमाल नव्हता.

"रजिस्टरातबी तेवढेच हायेत कडुबा," ते म्हणाले.

कडुबानं पानावरून नजर फिरवली. त्याला वाचता येत नव्हतं. मग म्हणाला, "तुमच्या हातचं हाय म्हनल्यावर मंग माझ्याच रेघा चुकल्या असत्याल." आणि टोपी घालून गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं. युनियनचा माणूस घेऊन आला असता, चार शिव्या घातल्या असत्या. पण तो बिचारा स्वतःला चुकीचं ठरवून निघून गेला. हबीबसाहेबांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी सायकलीचं कुलूप त्यांना उघडेना. शेवटी वॉचमननं उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी न पिताच ते रजिस्टर घेऊन उठले आणि मॅनेजरांच्या केबिनपाशी गेले. म्हणाले, "साहेब, जरा बाहेर या. खिडकीपाशी." मॅनेजर आले. आम्ही सगळे बघत होतो. हबीबसाहेबांनी पान उजेडाला धरलं. दोन ठिकाणी कागदातून बाहेरचं आवार दिसत होतं.

"हे मी केलंय," ते म्हणाले. "हितं दोनशे त्रेचाळीस होते. माझ्या हातचे. मी खरवडले. हा दुसरा कडुबा, पॉलिशचा. ह्याचे बारा जास्त दिसतायत, त्याचे बारा कमी. आंधळ्यालाबी कळंल की एकाचे खाडे दुसऱ्याच्या नावावर गेलेत. मला कळलं होतं. तरी खरवडलं."

"का?" मॅनेजर ओरडले.

"ह्या दोघांचे फरक शून्य होते साहेब. मग माझ्याच पानावर मशीन चुकलं कसं असंल?"

मॅनेजरांनी एकदा कुलकर्णींकडं बघितलं, एकदा पठाडेकडं. मग टेबलावरचं खरेदीचं रजिस्टर उचललं आणि तेही उजेडाला धरलं. मग कॅशचं. देवा! चाळणी नुसती. पानापानाला उजेड. कुलकर्णी खाली बसले. पठाडेच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे सगळ्यांनी मिळून खरी रजिस्टरं मशीनसारखी करून ठेवली होती, आणि मशीनमध्ये माझ्या चुका जशाच्या तशा बसल्या होत्या, तपासून घेतल्याच्या शिक्क्यासकट.

"माहिती कुणी भरली?" मॅनेजरांनी विचारलं.

दोन कडुबांची गल्लत माझीच होती, दुसऱ्या कुणाची असणार? माझी नोकरी त्या एका उत्तरावर होती.

"भरणाऱ्याची चूक होतच असती साहेब," हबीबसाहेब म्हणाले. "ती पकडायलाच तर रजिस्टर असतं. रजिस्टर माझ्याकडं होतं."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि खोटंही बोलले नाहीत. मी त्या माणसाचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

गेटची हजेरीकार्डं काढून मोजली. दोनशे त्रेचाळीसच निघाले. कडुबा कायम झाला. हबीबसाहेब स्वतः फौंड्रीत गेले, भट्टीपर्यंत, आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "तुझ्या रेघा बरोबर होत्या. मी खरवडलं होतं." मी सोबत होते, कागदावर त्याचा अंगठा घ्यायला. कडुबा अंगठा पुसता पुसता थांबला.

"साहेब, तुमी भ्याला व्हता?"

"हौ. लई."

"मला वाटायचं, आमीच भेतो," कडुबा म्हणाला.

फरकांची यादी फळ्यावर लावायची गोष्ट मॅनेजरांनी मागं घेतली, वाचन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पण शिक्षा कुणाला तरी हवीच. हबीबसाहेबांकडून हजेरी आणि पगार काढून घेतला. निर्णय होईपर्यंत खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलाशी बसा, म्हणाले. तेव्हा मात्र साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "तिथं नको साहेब. स्टोअरला घाला, गेटवर घाला. नुसतं बसवू नका," ते हात जोडून म्हणाले. कुणी ऐकलं नाही. आणि आमच्यातली माणसंही त्यांच्याशी बोलेनात. कुलकर्णी तर उघड म्हणायचे, "स्वतः बुडाला तो बुडाला, आम्हालाही घेऊन गेला."

तीन दिवस ते त्या टेबलाशी बसले. वेळेवर यायचे, पाणी प्यायचे, रुमाल अंथरायचे आणि मोकळ्या टेबलावर हात ठेवून बसून राहायचे. मला बघवत नव्हतं. चौथ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ते उठले, काचेच्या खोलीपाशी आले आणि बूट काढले.

"बाई, मला शिकवा."

मी पटकन दार लावायला गेले. म्हटलं, माणसाची अब्रू राहू दे.

"नक्को. उघडं ठेवा. पडदाबी सारा."

मी पडदा सारला. ते खुर्चीवर बसले. एक बोट पुढं केलं, आणि ते थरथरायला लागलं तसं दुसऱ्या हातानं ते मनगट धरलं. अक्षरं ओळीनं का नाहीत, असं त्यांनी विचारलं. मला काय माहीत? मी म्हटलं, कंपनीनं तशीच पाठवली. त्यांनी स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर पाच मिनिटं शोधलं. मग काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि मशीन 'टूं' करून ओरडलं. हबीबसाहेब ताडकन उभे राहिले, खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आपटली. काचेबाहेर पठाडे खो-खो हसला. कुलकर्णी हसले. खिडकीशी आलेले दोन कामगारही हसले. माझं डोकं सणकलं. "काय तमाशा लावलाय का?" मी ओरडले. साहेबांनी मला हातानं गप्प केलं. सगळ्यांचं हसून होईपर्यंत ते उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले. "झालं ह्यांचं. आता पुढचं सांगा."

त्या दिवशी परत जाताना मी त्यांना विचारलंच. दार लावलं असतं तर काय बिघडलं असतं?

सायकल हातात धरून ते चालत होते. म्हणाले, "माझे अब्बा कन्नडला कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. उर्दूतून काम चालायचं. असा खत, असं अक्षर होतं त्यांचं, की पंचक्रोशीतले लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला. मग हळूहळू कामाची भाषा बदलली. अब्बांना कुणी काढलं नाय. खिडकीजवळ बसवलं. रोज जायचे, रोज यायचे, पिशवी रिकामी. पोरंटोरं कारकून त्यांच्यासमोर मराठीत काय काय बोलून हसायचे. अब्बांनी कुणाला विचारलं नाय, मला शिकवा म्हणून. लाज वाटायची. भीती वाटायची."

मग थोडं चालून म्हणाले, "एक दिवस मी मदरशातून नाय, शाळेतून घरी आलो. मराठी शाळेत होतो मी. पाहिलं तर माझी पहिलीची अंकलिपी घेऊन अब्बा कोपऱ्यात बसलेले, भिंतीकडं तोंड करून. दारबी लावलेलं. ओठ हलवत होते, ग गवताचा, ग गवताचा. आन मी हसलो बाई. लहान होतो. मोठ्यानं हसलो. त्यांनी पुस्तक ठेवून दिलं. परत कधी उघडलं नाय."

रस्त्यावर ट्रक जात होते.

"हसणारे वाईट नसतात," ते म्हणाले. "मी वाईट नव्हतो. पण अब्बा लपून शिकत होते, म्हणून एका हसण्यात खलास झाले. म्हणून मी दार लावत नाय."

पंधरा दिवस ते रोज डब्याच्या सुट्टीत आले. चुकले, दचकले, पुन्हा बसले. पहिले चार दिवस माणसं हसायला यायची. नंतर हसून हसून कंटाळली. नवव्या की दहाव्या दिवशी पठाडे आत येऊन मागं उभा राहिला. "ताई, हे खालचं बटण काय करतं?" त्यानंतर कुलकर्णी आले. म्हणाले, "माझ्या मुलाला क्लास लावायचाय, म्हणून बघतो जरा." हबीबसाहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बसा. टूं झालं तर भिऊ नका, चावत नाय." मॅनेजरांनी महिन्याभरात हजेरी आणि पगार त्यांना परत दिला. आता मशीनच्या कागदावरून वाचन व्हायचं, आणि ते पुन्हा प्रत्येक आकड्याला थांबायचे. आमची सुट्टी पुन्हा उशिरा व्हायला लागली.

त्यांची भीती गेली असं मात्र मी कधी पाहिलं नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मशीन ओरडलं की ते दचकायचे.

त्यानंतर कित्येक वर्षं गाठ पडली नाही. शहराचं नावसुद्धा बदललं. मग एका नोव्हेंबरात माझ्या सासऱ्यांना हयातीचा दाखला द्यायला मी शहागंजकडच्या एका सेवाकेंद्रात घेऊन गेले. तेही कारखान्यातूनच निवृत्त झालेले, दुसऱ्या एका. आता दाखला कागदावर नव्हता. छोट्या मशीनवर अंगठा ठेवायचा, ते ओळखणार, तेव्हा माणूस जिवंत आणि पेन्शन चालू. आयुष्यभर लोखंड घासलेल्या माणसांच्या अंगठ्यावर रेषा राहतात कुठं? बाकावर आठ-दहा म्हातारे बसले होते आणि आपापला अंगठा धोतराला, पँटला पुसत होते. एकजण म्हणाला, परवा एकाचा उमटलाच नाही, पेन्शन बंद झालं म्हणे. झालं. सगळे एकमेकांना म्हणायला लागले, तुम्ही व्हा पुढं, नाही तुम्ही व्हा. माझे सासरे माझा हात घट्ट धरून बसले होते.

कोपऱ्यातून काठी टेकत एक उंच म्हातारा उठला. दाढी पांढरी झाली होती, पाठ वाकली होती. मी ओळखलं. हाक मारणार होते, पण मारली नाही.

ते मशीनपुढच्या खुर्चीवर बसले आणि अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. बाकावर कुणीतरी "अरे अरे" म्हटलं.

"आजोबा, हात हलवू नका ना," मशीनपुढची मुलगी म्हणाली.

"मी हलवत नाय बेटा. तो भ्यालाय. थांब जरा, त्याला धरतो."

डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं. दुसरं बोट ठेवलं. लाल. तिसरं ठेवलं. तेही लाल. सगळी खोली त्यांच्याकडं बघत होती, आणि त्यांनी कुणाकडं पाठ फिरवली नव्हती. चौथं बोट ठेवलं तेव्हा दिवा हिरवा झाला.

मुलीनं कागद दिला. तो घडी घालून खिशात ठेवून ते उठले, पण बाहेर गेले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बाकाकडं वळले.

"चला," ते मोठ्यानं म्हणाले, "अजून कोण भ्यालंय? या पुढं. मी हितं उभा हाय."

माझे सासरे माझा हात सोडून उठले.